आजीच्या माळेचे अकरा वाकडे मणी

आमच्या लेकीला सध्या लाकडी मण्यांचं वेड लागलंय. म्हणजे कॉलेजचा अभ्यास सोडून बाकी सगळ्याचं वेड तिला आळीपाळीने लागतच असतं, पण हे जरा टिकलंय. डायनिंग टेबलावर मण्यांच्या पुड्या, मेणाचा दोरा, छोट्या पकडी आणि त्यातच कुठेतरी आमची ताटं. कडुलिंबाचे मणी, शिसवीचे मणी, आंब्याच्या लाकडाचे मणी. मैत्रिणींना गळ्यातली, कानातली करून देते, दोघीतिघींनी पैसेसुद्धा दिले म्हणे. मला मनातून कौतुक आहे, तोंडावर दाखवत नाही इतकंच.

तर गेल्या महिन्यात कपाट आवरताना तिला पितळेची एक डबी सापडली. "आई, हे कसले मणी गं? मस्त रंग आहे. वापरू का?"

मी पोळ्या लाटत होते, मान वर न करताच म्हटलं, "बघू." आणि मग एकदम लक्षात आलं की पितळेची डबी म्हणजे कोणती. पोळी तव्यावर तशीच ठेवून धावले. (ती जळली. असो.)

ती आजीची माळ होती. म्हणजे माळ नव्हे, माळेचे मणी. दोरा कधीच कुजून गेला होता. लेक म्हणाली, "पण हे सगळे सारखे नाहीयेत. हे बघ, हे काही नीट गोल आहेत आणि हे दहा-अकरा वेडेवाकडेच आहेत. कुणी केलेत?"

इतकी वर्षं ही डबी माझ्याकडे होती आणि मी कधी ते पाहिलंच नव्हतं. लेकीने एका मिनिटात पाहिलं, कारण ती मणी विकत घेते आणि वाकडा मणी निघाला की तिला राग येतो. त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी बरीच लांब जाऊन आले. तेच आज लिहितेय. आत्याने आणि नागपूरच्या काकूंनी 'लिही, लिही' म्हणून भुणभुण लावली होती, त्यांनी आता पूर्ण वाचावं ही अट.

पहिल्यांदा मला वाटलं, मण्यांचा इतिहास म्हणजे सोपं काम. आपल्याकडे मणी काय कमी सापडलेत? जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटणे म्हणून गाव आहे. तिथे १९७० च्या दशकात सं. अ. साळी यांनी उत्खनन केलं तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे! म्हणजे खानदेशात तेव्हा शहामृग होते आणि त्यांच्या अंड्यांची टरफलं घासून, भोकं पाडून गळ्यात घालणारी माणसंही होती. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षं खोदकाम केलं, तिथेही मणी. आणि आमच्या बार्शीपासून जवळच असलेलं तेर. सातवाहनांच्या काळातलं 'तगर', ज्याचं नाव ग्रीक व्यापाऱ्यांच्या प्रवासवर्णनात येतं. तिथलं लामतुरे संग्रहालय शाळेच्या सहलीत पाहिलं होतं. काचेचे, दगडाचे, शंखाचे, मातीचे कितीतरी मणी. बाईंनी "हात लावू नका" म्हणून दहा वेळा सांगितलेलं आठवतं.

पण लाकडाचे? लाकडाचं दुर्दैव हे की ते मातीत टिकत नाही. वाळवी आहे, पाऊस आहे, चूल आहे. अकीक दोन हजार वर्षं जमिनीत पडून राहतो आणि काढला की काल घडवल्यासारखा चमकतो. लाकडी मणी चार पावसाळ्यांत माती होतो. शिवाय श्रीमंताचा दागिना घरात जपला जातो, गरिबाचा दागिना त्याच्याबरोबर जळतो. माळकरी माणसाला तर गळ्यातल्या माळेसकट अग्नी देतात. तेव्हा लाकडी मण्यांचा इतिहास खोदून मिळायचा नाही, तो लोकांच्या सवयींत शोधावा लागतो, आणि अशा डब्यांत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण आमच्या घरातच यावर वाद झाला. रुद्राक्ष हे लाकूड नव्हे, ती एका फळाची आठळी. वैजयंतीचे मणी तर चक्क एका गवताचं बी, निसर्गानेच मधोमध भोक ठेवलेलं. कमळाक्ष म्हणजे कमळाचं बी. खऱ्या अर्थाने लाकूड कातून केलेली माळ म्हणजे आपल्याकडे मुख्यतः दोन, चंदनाची आणि तुळशीची. चंदनाची गोष्ट राजेरजवाड्यांची. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदन हे राजवृक्ष म्हणून जाहीर केलं, पुढे म्हैसूरच्या राजांनी आणि नंतर सरकारनेही तोच हक्क चालू ठेवला. तुमच्या परसातलं चंदनाचं झाड तुमचं नाही! कर्नाटकात तो नियम सैल व्हायला २००१ उजाडलं. म्हणजे चंदनाच्या एकेका मण्यावर सत्तेचा डोळा.

आणि तुळस? तुळशीवर कुणी कर बसवला नाही, की कुणी ती राखीव केली नाही. कुणी करणार तरी कसं, ती दारोदारी, अंगणाअंगणात. ऑसिमम टेन्युइफ्लोरम असं भारदस्त शास्त्रीय नाव असलेलं हे सब्जाचं सख्खं भावंड. ते झाडच नव्हे, झुडूप. फार तर कमरेएवढं उंच. खोड जुनं झालं तर बोटाएवढं जाड, नाहीतर पेन्सिलीएवढं. कुठल्या सुताराने याकडे लाकूड म्हणून पाहिलंही नसतं. याची ना खुंटी होते ना पळी. याचे होऊ शकतात ते फक्त मणी. मला हे फार आवडलं. ज्याचं दुसरं काहीच होऊ शकत नाही, त्याचे मणी केले आणि लाखो लोकांच्या गळ्यात घातले.

पुराणांत तुळशीच्या काष्ठाचा महिमा आहे, वैष्णवांच्या बहुतेक सगळ्या पंथांत ही माळ आहे. बंगालचे गौडीय वैष्णव बारीक मण्यांची कंठी गळ्याला घट्ट, तिहेरी वेढ्याने बांधतात. गुजरातेत स्वामीनारायण पंथात दुहेरी कंठी. आपल्या वारकऱ्यांची माळ मोकळी, छातीवर रुळणारी, १०८ मण्यांची आणि मध्ये मेरुमणी. या माळेवरून थेट मोगल बादशहापर्यंत प्रकरण गेल्याचीही कथा आहे. पुष्टिमार्गी वैष्णव सांगतात की जहांगीराने एका संन्याशाच्या सांगण्यावरून टिळा आणि तुळशीच्या माळेवर बंदी घातली, तेव्हा वल्लभाचार्यांचे नातू गोकुळनाथजी उतारवयात काश्मीरपर्यंत गेले आणि बादशहाकडून ती उठवून आले. ही सांप्रदायिक कथा आहे, दरबारी कागद नव्हे, तेव्हा तिला तेवढंच महत्त्व द्यावं. पण दोन पैशांच्या लाकडी माळेसाठी म्हाताऱ्या माणसाने काश्मीर गाठलं, असं लोकांना पिढ्यान् पिढ्या सांगावंसं वाटलं, हे मात्र खरंच आहे ना! (जाता जाता : गोकुळनाथजींच्या वडिलांचं नाव विठ्ठलनाथ. त्या नावाचा संबंध ते लोक आपल्या पंढरपूरच्या विठोबाशी लावतात.)

आपल्याकडे 'माळ घालणं' म्हणजे दागिना घालणं नव्हे. ती एक प्रकारची नोंदणी आहे. फडावरच्या महाराजांकडून किंवा घरच्या जुन्या माळकऱ्याकडून, ज्ञानेश्वरीवर ठेवलेली माळ घ्यायची. मग मांस नाही, दारू नाही, खोटं बोलायचं नाही, एकादशी धरायची आणि वर्षातून निदान एक वारी. यात होम नाही, सोवळं नाही, दक्षिणेची यादी नाही. आणि मुख्य म्हणजे ती कुणीही घ्यावी. हे 'कुणीही' म्हणताना मात्र मी अडखळते. चोखोबांच्या काळापासून माळ गळ्यात असलेली, पण महाद्वाराच्या आत पाऊल टाकायची मनाई असलेली माणसं पंढरपुरात होतीच. चोखोबांची समाधीही महाद्वाराबाहेरच. माळेला जात नव्हती, उंबऱ्याला होती. इरावतीबाई कर्व्यांनी 'परिपूर्ती'तल्या 'वाटचाल' या लेखात दिंडीबरोबर चालतानाचा अनुभव लिहिलाय. चालायचं एकत्र आणि पंगती मात्र वेगळ्या, हे त्यांना कसं बोचलं, ते ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा. साने गुरुजींनी पंढरपुरात १ मे १९४७ ला उपोषण सुरू केलं, तनपुरे महाराजांच्या मठात. १० मेला ते सुटलं आणि मंदिर हरिजनांना उघडलं. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्य मिळालं. म्हणजे चोखोबांच्या माळकरी वारसांना विठोबा भेटला तो स्वातंत्र्याच्या जेमतेम तीन महिने आधी.

आता मणी करतं कोण? हा माझ्या लेकीचा मूळ प्रश्न.

पंढरपुरात हे काम परंपरेने काशीकापडी समाजाचं. गल्लीतल्या घरोघरी बायका-पुरुष माळांच्या कामात असतात. मागे एकदा दर्शनाला गेले होते तेव्हा एका घराच्या ओट्यावर तासभर बसून हे पाहिलं होतं, तेव्हा नुसती करमणूक म्हणून. आता आठवून लिहितेय. मंजिऱ्या येऊन गेलेली, वाळलेली तुळस मुळासकट घेतात. पानं-काड्या काढून टाकून खोड आणि जाड फांद्या ठेवतात. हे लाकूड सावलीत वाळवावं लागतं, उन्हात घाई केली की तडकतं. साल तासून काडी सरळ करायची, मग तुकडे. तुकड्याला मधून भोक. तुळशीच्या काडीत मध्ये मऊ गाभा असतो, त्याच्यातूनच आर सरळ गेली तर मणी साधला, जरा तिरकी गेली तर तुकडा उभा चिरतो. पूर्वी हे सगळं धनुष्यासारखी कमान पुढेमागे ओढून फिरवायच्या हातयंत्रावर. एका हाताने कमान, दुसऱ्या हाताने पटाशी, पायाच्या अंगठ्याचा आधार. आता विजेच्या मोटारी आल्या आहेत. ओट्यावरचे आजोबा म्हणाले होते, "मशीनचा मणी गोल येतोय, पण घाईत येतोय." मला तेव्हा ते वाक्य नुसतंच मजेशीर वाटलं होतं.

दुकानांत लटकलेल्या सगळ्याच माळा पंढरपूरच्या असतात असंही नाही. मथुरा-वृंदावनच्या बाजूला जैतसारख्या गावांत घरोघरी कंठीमाळांचं काम चालतं आणि तो माल देशभर जातो. त्यात भर म्हणजे भलत्याच लाकडाच्या, अगदी प्लॅस्टिकच्यासुद्धा, माळा 'अस्सल तुळस' म्हणून विकल्या जातात. ओळखायचं कसं? आजी दोन मणी तळहातात घासून हुंगायची आणि निकाल द्यायची. तिचं नाक मला आलेलं नाही. बाकी तुळशीचा मणी हाताला अगदी हलका, नवा असताना फिकट पिवळसर, आणि घाम-तेल पिऊन वर्षानुवर्षं गडद होत जाणारा. आजीचे मणी आता गुळाच्या रंगाचे झालेत. लेक ज्याला 'मस्त रंग' म्हणाली, तो पस्तीस वर्षांचा घाम आहे.

या कारागिरांचं सगळं गणित वारीवर. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री. २०२० च्या मार्चमध्ये मंदिर बंद झालं, त्या वर्षी पालख्या पायी निघाल्याच नाहीत, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२१ लाही तेच. पायी वारी परत सुरू झाली ती २०२२ मध्ये. आपण घरी टीव्हीवर रिकामं वाळवंट पाहून हळहळलो. माळा करून ठेवलेल्या घरांत त्या दोन वर्षांत काय शिजलं असेल याचा विचार निदान मी तरी तेव्हा केला नव्हता.

बरं, आता आजीकडे येते.

आजी माळकरी घरातली नव्हे. सासर-माहेर दोन्हीकडे मटण खाणारे. आजोबा १९६९ मध्ये गेले, साप चावल्याचं निमित्त झालं. आजी तेव्हा चाळिशीचीही नव्हती. पदरात माझे वडील, दोन काका आणि सगळ्यांत धाकटी आत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे जे व्हायचं ते झालं. कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र उतरवलं. बोरमाळ होती, ती 'आता हिला कशाला' म्हणून थोरल्या घरात गेली. कोण घेऊन गेलं हे घरात सगळ्यांना माहीत आहे, इथे लिहीत नाही.

आजी सांगायची, "नवरा गेल्यावर मानूस तोंडाकडं बघत न्हाई बाई, आधी गळ्याकडं बघतंय. गळा मोकळा दिसला की त्याची बोलायची रीतच बदलती." त्याच वर्षी कार्तिकीला ती गावातल्या दिंडीबरोबर पंढरपूरला गेली आणि माळ घालून आली. कुणाला विचारलं नाही. परत आली ती गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. घरात गहजब. दीर म्हणाले, आता हिच्यासाठी वेगळी चूल मांडायची का? आजी म्हणाली, माझी नको, तुमची मांडा. आणि खरंच, तेव्हापासून घरात मटण करायचं तर पुरुषांनी करायचं, गोठ्यामागे तीन दगड मांडून, वेगळ्या पातेल्यात. ती असेपर्यंत हे चाललं. चार लेकरांची विधवा, वाटणीत दोन एकर कोरडवाहू, आणि घरात हुकूम तिचा. माळकरी बाईला उणं बोलायला लोक कचरायचे. मोकळ्या गळ्याला जे बोलले असते ते माळेला बोलवेना.

मी भक्तीचा अपमान करत नाहीये. आजीची भक्ती खरी होती, तिचा हरिपाठ चुकलेला मला आठवत नाही. पण माळ घेताना तिच्या मनात विठोबा किती होता आणि गळा किती होता, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं. तशी ती होती.

वाकड्या मण्यांचं कोडं सोडवलं आत्याने, फोनवर. "अगं बाई, ते व्हय? ते दुष्काळातले."

१९७२ चा दुष्काळ. आमच्या पिढीने नुसता ऐकलेला. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, वडील शाळा सोडून तिच्याबरोबर. आत्या दहा वर्षांची, तीही पाटी घेऊन. कामावर सुकडी मिळायची, गोड पिठासारखी, त्यासाठी लहान पोरं मुद्दाम यायची. १९७३ च्या सुरुवातीची गोष्ट. आजी वाकून दगड उचलत होती, बारीक वायरीची पाटी माळेत अडकली आणि दोरा तुटला. मणी खडीत सांडले.

माळकऱ्यांचा नियम असा की माळ तुटली तर ती परत ओवून गळ्यात पडेपर्यंत अन्न घ्यायचं नाही. काही तर पाणीही घेत नाहीत. आजीने हातोडा खाली ठेवला आणि ती खडीत मणी शोधायला बसली. मुकादम ओरडला. मग एक-एक करत आजूबाजूच्या बायकाही बसल्या. आत्या म्हणते, "बोटाच्या पेराएवढे दगड आन् त्यात ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठे मणी. सगळं एकाच रंगाचं दिसायचं बघ, धूळच तेवढी." दिवस मावळेपर्यंत ९७ सापडले. अकरा गेले ते गेले. आजीने त्या दिवशी सुकडी खाल्ली नाही. तिचा वाटा आत्याने खाल्ला, आणि हे सांगताना आत्याचा आवाज अजून बदलतो. "मला भूक लागली हुती गं," म्हणाली.

पंढरपूरला जायला पैसे नाहीत, नवी माळ नाही. आणि ९७ मण्यांची माळ आजीला चालेना. अंगणातली तुळस पाण्यावाचून आधीच वाळून गेली होती. आजीने तीच उपटली. बुडखा पातळ विळ्याने सगळीकडून कातरून कातरून तुकडे पाडले. चुलीत दाभण लाल करून गाभ्यातून घातलं. पाट्यावर घासून घासून कडा मोडल्या, गोडं तेल चोळलं. रात्रभर हे चाललं. किती तुकडे फुटले याचा हिशेब नाही, अकरा साधले. पहाटे गोधडीच्या दोऱ्यात माळ ओवली, गळ्यात घातली, तांब्याभर पाणी प्यायली आणि खडी फोडायला गेली.

अंगणातली तुळस दुष्काळाने मेली, तिचे मणी झाले. आत्या हे असं सांगून गेली जसं काही कुणी भाजीला फोडणी कशी दिली ते सांगावं.

फोन ठेवल्यावर मी लेकीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. (हे आमच्या घरात क्वचित घडतं.) मग म्हणाली, "आपण एक करून बघायचा?"

गॅलरीतल्या कुंडीतली जुनी तुळस गेल्या उन्हाळ्यात गेली होती, तिचं खोड मी टाकलं नव्हतं. टाकवत नाही ना. लेकीकडे बारीक करवत होती, छोटं ड्रिल होतं, सॅण्डपेपर होता. आजीकडे यातलं काहीच नव्हतं. पहिला तुकडा करवतीखालीच फुटला. दुसऱ्यात ड्रिल गाभा सोडून बाजूला गेलं आणि तुकड्याची सरळ दोन फाकं झाली. तिसरा, चौथा, तेच. मग मी म्हटलं आजीसारखं करू. दाभण गॅसवर तापवलं. गाभा जळतो तेव्हा आधी धूर येतो आणि मग एक वास, तुळशीचा नव्हे, उदबत्ती आणि करपलेलं दूध यांच्या मधला काहीतरी. तापलेलं दाभण मऊ गाभ्याची वाट आपसूक धरतं, लाकडात घुसत नाही. म्हणून ड्रिलला जमलं नाही ते त्याला जमलं! आजीला हे कुणी शिकवलं होतं की पाच-दहा तुकडे फोडल्यावर कळलं, कोण जाणे. दोन तास खपून आमच्या दोघींचा मिळून एक मणी झाला. चौकोनीच दिसतो. माझ्या अंगठ्याला फोड आला तो वेगळाच.

लेकीने आजीचे अकरा मणी भिंगाखाली पाहिले. प्रत्येकाच्या भोकाला आतून काळी कड आहे, जळल्याची. बाकीच्यांना नाही.

परवा मणी घेऊन बाजारात पटवेकऱ्याकडे गेलो. आता पटवेकरी सापडणंही अवघड झालंय. सराफकट्ट्याच्या मागे एक गृहस्थ अजून बसतात, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून गाठवतात, बोटं आणि नजर दोन्ही शाबूत. त्यांनी मणी कापडावर पसरले, एका नजरेत अकरा बाजूला काढले.

"ताई, हे खराब आहेत. बदलून देतो, माझ्याकडे तुळशीचे आहेत."

"नको. तेच घाला."

"मग मागच्या बाजूला घेतो, मानेवर. दिसणार नाहीत."

मी काही बोलायच्या आत लेक म्हणाली, "काका, पुढेच घ्या. मेरुमण्याच्या दोन्ही बाजूंना."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग मण्यांकडे. "अकराचे दोन भाग सारखे व्हायचे नाहीत," म्हणाले. "पाच आणि सहा. माळ एका अंगाला जड दिसेल." चालेल म्हटलं.

ओवता ओवता ते मोजत होते. शेवटी म्हणाले, मणी एकशे सातच आहेत, मेरू सोडून. एक कमी. घरी येऊन डबी पालथी केली, कपाट उपसलं, लेकीच्या सगळ्या पुड्या तपासल्या. नाही. रात्री आत्याला फोन केला. ती आधी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आई गेली तवा मी एक काढून घेतला हुता. दोरा तवाच सैल झालता. माझ्या पोतीत हाय, काळ्या मण्यांत. चांगल्यातला हाय, वाकड्यातला न्हवं."

परत देते म्हणाली. मी नको म्हटलं. पटवेकऱ्यांनी एका मण्याची जागा सोडून तिथे दोऱ्याची गाठ मारून दिली आहे, आणि चाळीस रुपये घेतले. आमचा चौकोनी मणी तिथे बसेल का म्हणून लेकीने लावून पाहिला. भोक मोठं झालंय, सरकतो. तो तिने कीचेनला लावलाय.